बुटकीची शिट्टी

शिट्टी सापडली, बुटकी वाचली आणि कुणालाही अटक झाली नाही.

वरचं वाक्य वाचकांनी वाचलेलंच नाही असं धरून पुढे जाऊ. शिट्टी हरवली आहे, बुटकी भंगारात निघाली आहे आणि भटूवर संशय आहे.

बुटकी म्हणजे बारडोलीच्या पुढे, बंद पडलेल्या एका साखर कारखान्यातलं नॅरोगेजचं वाफेचं इंजिन. एके काळी ती ऊस ओढायची. आता अर्धा किलोमीटर रुळावर वर्षातून चारदा धावायची आणि बाकी वेळ फोटो काढून घ्यायची. भटू सुरतेच्या बमरोलीत कापडाचे लूम दुरुस्त करायचा आणि सुट्टी मिळाली की इकडे पळायचा. त्याच्या मोबाईलमध्ये बुटकीचे अकराशे फोटो होते, बायकोचे चार. त्यांतल्या तीन फोटोंत मागे बुटकीच होती.

त्या सकाळी तो पंडित फिटरला घेऊन नवागाममध्ये रंजना सोनवणेंकडे आला. शिंप्याच्या दुकानावर खोली, दारावर 'खाजगी तपास'. बहुतेक काम नवरदेवांच्या चौकशीचं असल्याने रंजनाताईंचा माणसांवर विश्वास उरला नव्हता.

"उद्या बॉयलर निरीक्षक येणार," पंडित म्हणाला. "शिट्टी नाही म्हणजे इंजिन नापास. नापास म्हणजे परवा भंगारवाला. तीस वर्षं सांभाळलीय हो मी तिला."

"गेली कधी?"

"अमावस्येला. झडप अडकत होती म्हणून मीच खोलली. पितळ चमकावं म्हणून घमेल्यात चिंचेच्या पाण्यात घालून क्वार्टरच्या ओट्यावर ठेवली. फोटोवाले आले होते त्या दिवशी. दुसऱ्या सकाळी घटस्थापनेची गडबड. ती उरकून बघतो, तर शिट्टी गायब."

"आणि घमेलं?"

"ते होतं की. घासूनपुसून पालथं घातलेलं."

"शेवटचा फोटो माझाच आहे, ताई, म्हणून संशयही माझ्यावरच," भटूने कबुलीजबाब दिल्यासारखा मोबाईल पुढे केला. चिंचेच्या गढूळ पाण्यात शिट्टी, आणि तिच्याभोवती आणखी काही पितळी वस्तू, फक्त माथे वर.

"आईनं घरचंही काही टाकलेलं दिसतंय," पंडित म्हणाला.

"घमेल्याचा फोटो कशाला काढलास रे?"

"शिट्टी आंघोळ करताना पहिल्यांदाच दिसली."

पंडितच्या मोटरसायकलवर तिघं बारडोलीकडे निघाले. भटू मधे होता, म्हणून त्याला प्रवास दिसला नाही.

फाटकावर अक्षय वॉचमन होता. "येणाऱ्याची पिशवी मी बघत नाही," तो म्हणाला. "येताना काय चोरणार? जाणाऱ्याची प्रत्येक पिशवी उघडतो. त्या दिवशी फक्त किरणभाईंनी उघडू दिली नाही."

किरणभाई शेडजवळच सापडले. सुरतेत लग्नाचे फोटो काढायचे आणि घरी रेल्वेचे जुने कंदील जमवायचे.

"बॅग का उघडली नाहीत?" रंजनाताईंनी विचारलं.

किरणभाईंनी आधी आवाज चढवला, मग घाम पुसायला रुमाल काढला. रुमालातून कोळशाचा खडा पडला.

"बुटकीचा आहे," ते पडेल आवाजात म्हणाले. "चोरलाच म्हणा. रोज जवळ ठेवतो."

भटूला त्यांचा राग आला. ही कल्पना आपल्याला का सुचली नाही?

क्वार्टरमध्ये पंडितची आई कलाबाई घटापुढे बसली होती. सहावी माळ होती. पहिल्याच माळेनं झाकलेले देव झेंडूच्या सहा माळांआड आता दिसतसुद्धा नव्हते.

"बैस ना भो," ती रंजनाताईंना म्हणाली.

"मोतीबिंदू," पंडित पुटपुटला. "दिवाळीनंतर ऑपरेशन आहे."

"पंड्या, पानं मोजून आणत जा! देवांखाली ठेवायला एक कमी पडलं. शेजारून मागून आणलं."

"पाच आणली होती, आई. दरसाल पाचच लागतात."

"मग कमी कसं पडलं?"

पंडित पुन्हा बोटांवर पानं मोजू लागला. रंजनाताईंनी मात्र सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. अक्षयही फाटक उघडं टाकून आला.

"चोर खूप पाहिले," त्या म्हणाल्या. "जाताना भांडी घासणारा एकही नाही. शिट्टी उचलणाऱ्यानं घमेलं घासून पालथं घातलं, म्हणजे काम घरच्या माणसाचं. अमावस्येला घरात चिंचेनं काय घासतात, भटू?"

"देव. दुसऱ्या दिवशी बसवायचे असतात."

"तुझ्या फोटोतले माथे त्यांचेच. चिंच भिजलेली दिसली म्हणून आजींनी देव त्यातच टाकले. घासले, आणि हाताला लागलं तेवढं पितळ घटात बसवलं. पाच देवांना पाच पानं. यंदा सहावं लागलं. सहावा देव कुठून आला? ज्यांना मी 'भो', म्हणजे भाऊ दिसते, त्यांना शिट्टी देव दिसली तर नवल काय?"

पंडितने आत धाव घेऊन माळा बाजूला केल्या. पाच देवांच्या मधोमध, पानावर, हळदीकुंकू लावलेली शिट्टी विराजमान होती.

"सहा दिवस," तो खाली बसत म्हणाला, "मी हिच्याच पाया पडून म्हणतोय, शिट्टी सापडू दे!"

त्याने हात पुढे केला.

"देव बठेल शेतस! हात नको लावू!" कलाबाई कडाडली. "घटी बसलेले देव दसऱ्याआधी उठवायचे नाहीत."

दसरा चार दिवसांवर. निरीक्षक उद्यावर. रंजनाताईंकडे या कलमावर तोडगा नव्हता. नवरदेवांच्या चौकशीत असा प्रसंग येत नाही.

"आजी," भटू चाचरत म्हणाला, "उठवायचं नाही, कबूल. पण पालखीतून फिरवलं तर चालतं ना?"

कलाबाई दाराबाहेर डोकावली. "पालखी कुठाय?"

"बाहेर उभी आहे. चार चाकं आहेत तिला."

दुसऱ्या दिवशी सहावा देव पानासकट, वाजतगाजत बुटकीवर चढला. पंडितने साखळी ओढली. शिट्टी अशी वाजली की उसातले बगळे उडाले, कलाबाईने हात जोडले, आणि तिचं बघून निरीक्षकांनीही जोडले. मग त्यांनी कागदावर 'पास' लिहिलं. पंडित रुळावर बसून हसत हसत रडला. भटूही रडला, आणि फोटो काढायचा राहून गेला.

निरीक्षक गाडीत बसणार, तोच कलाबाईने सांगितलेला आणि भटूने लिहिलेला अर्ज त्यांच्या हाती पडला:

"मा. निरीक्षक साहेब यांचे सेवेशी. उपरोक्त विषयी अर्ज करण्यात येतो की, सदर इंजिन हे आता आमच्या घरातील सदस्य झाले असून त्यास दरवर्षी घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत नऊ दिवसांची भरपगारी रजा मंजूर करण्यात यावी, व रजेच्या काळात कोळशाऐवजी उपवासाचे काही देता येईल किंवा कसे, याबाबत लेखी कळवावे, ही नम्र विनंती."