कावळा भज्यावर आला

जेवणाच्या सुट्टीत, पिंपरीच्या आमच्या औषधाच्या कारखान्याबाहेर बाभळीखाली एक अनोळखी माणूस डबा उघडून बसला होता. कावळा झेपावला आणि भाकरी सोडून नेमकं भजं घेऊन उडाला. माणूस हसला. माझं डोकं फिरलं.

"पाहिलंत ना? भजंच नेलं ना?"

"हो की."

"मग माझ्या काकांना येऊन सांगाल?"

त्यानं डबा पुढे सरकवला. उरलेलं भजं मी खाल्लं आणि तरातरा आत गेले.

दुपारी बाटल्यांना लेबलं लावताना मी पुन्हा कुणाशी तरी भांडले. आमच्या मुकादम विमलबाई वैतागल्या. "मंजुळे, वडील गेल्यापासून तू अशी झालीयेस. कामगार कल्याण अधिकाऱ्यांकडे जा. नवे साहेब मुंबईला शिकून आलेत, लोकांचं दुःख ऐकायचाच पगार घेतात."

साहेबांच्या खोलीत बाभळीखालचा तोच माणूस! ज्योतीराम साळोखे, मूळचे कोल्हापूरचे.

"बसा की. काकांना काय सांगायचं होतं?"

मी एका दमात सांगितलं. अण्णांच्या दहाव्याला पवनेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, सगळे वचनं देऊन दमले. शेवटी चिमाजीकाकांनी हात जोडले, "दादा, मंजुळाचं लगीन वर्साच्या आत लावतो." त्याच वेळी मी पानावर भजं ठेवलं आणि कावळा आला. पोरीच्या लग्नातच जीव अडकला होता, असं म्हणत सगळ्यांनी डोळे पुसले. वर्षाच्या आत झालं नाही तर रीतीप्रमाणे तीन वर्षं थांबायचं. म्हणून काकांनी घाईनं चाकणचा कांद्याचा व्यापारी शोधला. होळीनंतर तो मला पाहायला येणार.

"कावळा भज्यावर आला, साहेब. अण्णा देहूरोडच्या लष्करी डेपोत पहारेकरी होते. शनिवारी घरी येताना भजी आणायचे आणि म्हणायचे, लग्नाची घाई नाही, आधी नोकरी कर. आणि आता अण्णांना काय हवं होतं, ते सगळे मलाच शिकवतात."

"हं."

"हं काय? एवढ्याचा पगार मिळतो?"

"एवढ्याचाच. तुम्ही बोला, मी ऐकतो."

मग दर बुधवारी मी तिथं भांडायलाच जाऊ लागले. पण हा माणूस देवाची इच्छा म्हणेना की समजूत काढेना. नुसता बघायचा... आणि त्या बघण्यानं माझं वाक्य अर्ध्यात तुटायचं. त्याचाही राग यायचा.

होळीच्या आधल्या बुधवारी तो म्हणाला, "पुढच्या वेळेपासून आपल्या दवाखान्यातल्या कुसुमताईंकडे जा, त्याही ऐकून घेतात. मी बोललोय त्यांच्याशी."

"कंटाळलात?"

"नाही." त्यानं चष्मा काढला, परत घातला. "या खुर्चीत बसून नुसतं ऐकायचं असतं. मला आता... तसं जमत नाही."

मला कळलं. बरं वाटलं आणि लगेच संतापही आला. "म्हणजे कांदेवाल्यामागे तुम्हीही रांगेत?"

"वर्षाच्या आत मी विचारणारच नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही अण्णांसाठी अजून रडलाही नाहीत. आधी ते होऊ दे. तीन वर्षांनी विचारतो. तेव्हा नको वाटलं तर नको म्हणा."

त्या संध्याकाळी मी काकांना सांगून टाकलं, पाहुण्यांना नाही म्हणून कळवा.

"आन दादाला दिलेला सबूद?" काका कडाडले. "तीन वर्सं कोन थांबनार तुज्यासाठी?"

"थांबणारा थांबेल. अण्णांना भजी हवी होती काका, ती मी घालीन."

काका पाठ फिरवून बसले. पण चाकणला निरोप गेला.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी घरून तळलेली भजी नेली आणि बाभळीखाली त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून बसले. "काकांना सांगितलं."

"हं."

कावळा आला. मी भजं पुढे टाकलं, "अण्णा, घ्या," म्हणाले... आणि बांध फुटला. शनिवारचे अण्णा, त्यांच्या हातातला तेलकट कागद, दारातली हाक, सगळं एकदम आलं. मी हमसून हमसून रडले. त्यानं 'रडू नका' म्हटलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांना मी दिसू नये म्हणून तो फक्त सरकून माझ्यापुढे आडोसा करून बसला.

"तीन वर्षं फार होतात," मी नाक पुसत म्हणाले.

"हो की."

"तुम्हाला एवढंच बोलता येतं?"

त्यानं डबा माझ्याकडे सरकवला. आणि मला तो माणूस इतका आवडला, की पुन्हा राग आला.