एकाहत्तरावा दगड

रुदैनाला दगड बसवता येणार नाही, हे अख्ख्या गावाने ठरवून टाकलं होतं. सगळ्यात आधी ठरवलं तिच्या दिराने, अबू जरीरने.

"शुक्रवारी तीस गाड्यांची जाहा येतेय," तो चार माणसांसमोर म्हणाला. "तुझ्या लेकीला, शुरूकला मागणी घालायला एवढी वडीलधारी मंडळी येणार आणि तुझ्या अंगणात तीन गाड्या उभ्या राहायची मारामार! त्यांना माझ्याकडे उतरू दे, वहिनी."

हा पाहुणचार कशासाठी, ते रुदैना ओळखून होती. शुरूकच्या वडिलांमागे होकार द्यायचा मान त्याचाच. मागणी त्याच्या दारात झाली की तो नाही म्हणणार आणि चुलतभावाचा पहिला हक्क म्हणून शुरूक त्याच्या मुलाच्या, जरीरच्या गळ्यात पडणार. तो जरीर दुपारी दोनला उठायचा.

"आणि माझ्या अंगणात तीस गाड्या राहिल्या तर?"

"तर तुझ्याच दिवाणखान्यात बसून हो म्हणेन. जा!" तो हसला. चार माणसंही हसली.

अंगण मोठं होतं, पण खालच्या अंगाला उघडं होतं. तिथे तीन पुरुष उंचीचा कडा तुटलेला आणि खाली ओकची झाडी. कडेला दगड बसल्याशिवाय खडी टिकणार नव्हती, आणि खडीशिवाय गाडी. अजलूनचा एकही गवंडी आला नाही. "उम शुरूक, माझी पाठ धरलीय हो," एक जण फोनवर शुरूकच्या आईपुढे कण्हला. दिराने सगळ्यांच्याच पाठी धरल्या होत्या.

मग शनिवारी सकाळी तिने शाळेतली जुनी पँट चढवली, दोरी ताणली आणि फाटकापाशी पहिला दगड बसवला. पंचवीस वर्षं गणित शिकवलेली बाई ती. ओळ सरळ म्हणजे सरळच. खाली माल, वर दगड, रबरी हातोड्याचे चार ठोके, पाणसळ लावून बघायचं, पुढचा दगड. प्रत्येकावर खडूने क्रमांक, आणि क्रमांकाखाली एक ठिपका, उत्तरपत्रिकांवर द्यायची तसा.

रविवारी दुपारी मक्लूबा खाऊन ती बाहेर आली, तर पार दुसऱ्या टोकाला, कड्याच्या बाजूला, तीन दगड बसवलेले होते. पाणसळ लावून बघितली. बुडबुडा बरोब्बर मध्ये.

त्यांच्यावर खडूने लिहिलं होतं: १४०, १३९, १३८. प्रत्येकाखाली एक ठिपका.

"शुरूक, तू केलंस?"

"मी? माझी नखं बघ, आई," शुरूक म्हणाली. गुरुवारी तिला मेंदी लागायची होती.

रुदैनाला अक्षराची भीती वाटली नाही, ते तिचंच होतं. भीती वाटली आकड्याची. खाणीतून आलेले दगड हाताने फोडलेले, कुठला वीतभर तर कुठला हातभर. किती लागतील, हे ते बसेपर्यंत कुणालाच सांगता आलं नसतं. तिलासुद्धा.

सोमवारी तिने दहा लावले. तिकडे अकरा झाले. ती टक लावून बसली की काही घडायचं नाही. माल कालवायला पाठ फिरवली की मागे चार ठोके ऐकू यायचे. थोडं थांबून आणखी चार. मंगळवारी तिने मान वळवून बघणं सोडून दिलं. आता तिला चीड आली होती, नि चिडली की ती भराभर काम करायची.

बुधवारी दीर फाटकातून डोकावला. "किती गवंडी आणलेस गं?"

"मोजा की."

त्याला एकटी रुदैना दिसली. तो बराच वेळ कड्याच्या बाजूला बघत राहिला आणि सलाम न करताच निघून गेला.

गुरुवारी दुपारपर्यंत ती सत्तरपर्यंत पोचली. पलीकडे बहात्तर होता. मधल्या फटीत एकच दगड मावणार होता, आणि ढिगात एकच उरला होता.

तिने तो उचलला. भलताच जड होता.

अर्ध्यावर तो हलका झाला. दुसरी बाजू कुणीतरी धरली होती.

तिने सोडला नाही. खाली टेकवला. घासला नाही, तासावा लागला नाही.

"बसला!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारणी गच्चीवर आल्या.

शुक्रवारी एकतीस गाड्या आल्या आणि एकतीसही आत उभ्या राहिल्या. जाहाचे म्होरके हाजी मुतलक दिवाणखान्यात बसले. त्यांच्यापुढे कडू कॉफीचा पेला ठेवला गेला. त्यांनी तो हाताने आपल्याकडे ओढला, पण उचलला नाही. "आमचं मागणं पुरं झाल्याशिवाय ओठाला लावणार नाही," ते म्हणाले. सगळ्यांनी अबू जरीरकडे पाहिलं. तो खिडकीतून अंगणाकडे पाहत होता.

"प्या, हाजी," तो म्हणाला. "पोरगी तुमची झाली."

मुतलकनी घोट घेतला. बायकांनी जीभ हलवून झगारीतचा हर्षनाद केला तो खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेला. रुदैनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतसुद्धा नव्हती. आयुष्यात इतकं उंच तिला कधी वाटलं नव्हतं.

सगळे मिठाई खात असताना ती एक भरलेला पेला घेऊन बाहेर गेली. एवढं काम केलेल्याला कोरडं कसं ठेवायचं? पेला बहात्तराव्या दगडावर, अंगणाच्या बाजूला ठेवला. तेवढ्यात तिचं लक्ष दगडांच्या जोडांकडे गेलं. तिने बसवलेल्यांत थापीचे फटकारे आतून मारलेले होते. पलीकडच्यांत बाहेरून. बाहेर नुसती हवा होती.

"आई, फोटो!" शुरूकने हाक मारली. ती आत गेली, हसली, फोटो काढून घेतला.

गाड्या गेल्यावर ती परत आली. पेला काठोकाठ भरलेला होता, वाफ अजून निघत होती. फक्त तो दगडावरून सरकून पार पलीकडच्या कडेला गेला होता, हाजींनी ओढला तसा कुणीतरी आपल्याकडे ओढून घेतल्यासारखा.

प्यायलेला नव्हता.