आधी दिलेली साक्ष

सयाजी साळवे चाकणच्या एका कारखान्यात तपासनीस होता. गाड्यांना लागणारे लोखंडी ब्रॅकेट दर तासाला पाच उचलायचे, मापायचे आणि आकडे तक्त्यावर लिहायचे, हे काम तो चौदा वर्षं करत होता. या कामानं माणसाचं एक नुकसान होतं, कशावरच विश्वास बसेनासा होतो. मशीनवरचे काही जण सकाळीच चहा पिता पिता अख्ख्या शिफ्टचे आकडे भरून ठेवत. असला तक्ता सयाजी लांबून ओळखायचा, कारण त्यातले आकडे फारच गुणी असत. भाजीवाल्याच्या काट्याकडेही तो तसाच बघायचा, आणि त्याची बायको विजयश्री म्हणायची, "अहो, बाजारात तरी ड्युटी सोडा."

चर्चमध्येही तीच गत. रहाटणीत एका बेकरीच्या वर भाड्याचा हॉल होता, तिथे त्यांची मंडळी दर रविवारी उपासनेला जमायची. त्याची आई मंजुळाबाई पहिल्या रांगेत आणि सयाजी सगळ्यांत मागे, जिन्याच्या दाराशी. गाणी त्याला आवडत, साक्षी मात्र नाहीत. उपासनेत मध्येच कोणीतरी उठायचं, देवानं आपल्याला दुखण्यातून कसं उठवलं ते सांगायचं आणि लोक हालेलुया म्हणायचे. यातलं निम्मं वाढवून सांगितलेलं असतं, असं सयाजीचं ठाम मत होतं.

मार्चमध्ये आईच्या पायांतलं बळ गेलं. सोमवारी सकाळी तिला चप्पल घालता येईना, संध्याकाळपर्यंत उभंही राहता येईना. वाकडच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, पायांकडून वर चढतो, कुठे थांबेल ते सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी तो श्वासापर्यंत चढला. तोंडात नळी घालून तिला मशीनवर ठेवलं. तेवढे डोळे हलायचे. सयाजी काचेतून त्या डोळ्यांकडे बघत राहायचा. वडील गेल्यावर तिनं एकटीनं त्याला वाढवलं होतं. ती गेली तर माझं कसं होणार, हा विचार त्याच्या वयाच्या माणसाला शोभणारा नव्हता, पण येत होता तो तोच.

सातव्या दिवशी, रविवारी, विजयश्रीनं त्याला जवळजवळ ओढतच उपासनेला नेलं. पाळकसाहेबांनी मंजुळाबाईंसाठी प्रार्थना केली. मग नेहमीसारखं विचारलं, कोणाची साक्ष आहे का?

मधल्या रांगेतून एक बाई उठली. साठीची, सडपातळ, डोक्यावरून पदर घेतलेली. तिला या हॉलमध्ये याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

"सलाम. मी जाईबाई, राजगुरुनगरची," ती म्हणाली. पुढचं ती फार सावकाश बोलली. "माझ्या पायांतलं बळ गेलं. तिसऱ्या दिवशी श्वास गेला, तोंडात नळी घातली. नवव्या दिवशी माझ्या उजव्या हाताची करंगळी हलली. बाराव्या दिवशी मशीन बंद पडलं, तेव्हा एका नर्सनं अकरा मिनिटं रबरी फुगा दाबून मला श्वास दिला. एकोणिसाव्या दिवशी नळी काढली, आणि मी पहिली मागितली ती ताकात कुस्करलेली भाकरी..."

सयाजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हे विजयश्रीचंच काम, हे त्याला लगेच कळलं. आईच्या दुखण्याची बातमी हिच्या कानावर घालायची, पुढचं मनानं जुळवायचं आणि त्याला धीर यावा म्हणून भर उपासनेत उभं करायचं! खुर्ची मागे ढकलून तो तडक बाहेर पडला.

खाली जिन्याशी तो बुटांच्या नाड्या बांधायला वाकला. वर बाईचं बोलणं चालूच होतं, शब्द कळत नव्हते. मग ते थांबलं. साक्ष संपली की असा हालेलुया उठायचा की बेकरीतली माणसं मान वर करून बघायची. आज काहीच आलं नाही. सयाजीनं दोन्ही नाड्या बांधल्या, थोडा वेळ थांबला. एक खुर्चीसुद्धा वाजली नाही.

मंगळवारी, नवव्या दिवशी, आईच्या उजव्या हाताची करंगळी हलली.

तो आनंदानं वेडा व्हायचा बाकी राहिला. पेढे घ्यायला म्हणून खाली उतरला आणि अर्ध्या जिन्यात त्याला जाईबाई आठवली. मग त्यानं स्वतःचीच समजूत घातली. सुधारणा कुठल्या तरी बोटापासून होणारच, दहातलं एक जुळलं त्यात काय नवल!

शुक्रवारी, बाराव्या दिवशी, भेटायच्या वेळेला तो काचेपाशी उभा असताना मशीन कर्कश वाजू लागलं. एक नर्स धावली, नळीला रबरी फुगा जोडून हातानं दाबत राहिली. दुसरं मशीन येईपर्यंत सयाजीची नजर भिंतीवरच्या घड्याळावरून हलली नाही. अकरा मिनिटं लागली.

खोटे तक्ते त्यानं आयुष्यभर पाहिले होते. तिथे आकडे आधी लिहिलेले असतात आणि माल भलताच निघतो. इथे आकडे आधी लिहिलेले होते आणि माल त्याबरहुकूम निघत होता. मग त्या तक्त्यात शेवटी काय होतं?

घरी त्यानं विजयश्रीला विचारलं, "मी उठून गेल्यावर ती बाई काय बोलली?"

"नीट ऐकू नाही आलं मला," ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. कोण कुठल्या लग्नात कुठली साडी नेसून आलं होतं हे बारा वर्षांनी सांगणारी बाई ही! "आई बऱ्या होतायत ना? मग तेवढंच बघा." हे बोलताना तिची त्याच्याकडे पाठ होती.

मंडळीतले वडीलधारे दादासाहेब दर रविवारची उपासना मोबाईलवर टिपून ग्रुपवर टाकत. त्या रविवारची तेवढी नव्हती.

"बॅटरी संपली होती रे," दादासाहेब म्हणाले. त्यांनी सयाजीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडलाच नाही. "तू जेवतोस ना वेळेवर?"

हे जेवणाचं काय प्रकरण होतं तेही त्याला कळेना. आईला नळीतून अन्न जात होतं, तरी मंडळीतल्या बायका रोज हॉस्पिटलात डबे आणत होत्या. सुकट, बाजरीची भाकरी, पुरण घातलेल्या करंज्या. सगळं सयाजीच्या आवडीचं. तो खात असताना त्या समोर बसून बघत राहत, आणि त्यानं मान वर केली की नजर वळवत.

सोमवारी पहिली शिफ्ट संपवून तो चाकणहून तसाच राजगुरुनगरला गेला. विचारत विचारत घर सापडलं. जाईबाई उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होती.

"तुम्ही कुठल्या हॉस्पिटलात होता?" त्यानं उभ्या उभ्याच विचारलं.

"मी? मी उभ्या जल्मात दवाखान्याची पायरी चढले न्हाई."

"मग साक्ष कसली दिलीत?"

"भाचीकडं आले व्हते, तिच्यासंगं तितं बसले. पाळकानं इचारलं आन मी उभी ऱ्हायले. का, ते देवालाच ठावं." ती तांदळाकडे बघत होती. "त्वांड माझं व्हतं, दादा. बोलनं माझं न्हवतं."

"कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोन शिकवनार?"

सयाजीनं तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. खोटं सापडावं म्हणून तो इतकी वर्षं बघत आला होता, आणि आज ते सापडावं अशी त्याची फार इच्छा होती. ते सापडलं नाही.

"मी गेल्यावर काय बोललात?"

सूप थांबलं. तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमीच का ते? दाराशी बसलेले?"

"हो."

"शेवटाला मी 'माझा ल्योक' म्हनले," ती हळू म्हणाली. "मला मूलबाळ न्हाई."

"लेकाचं काय?"

ती उठून आत गेली. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. तो पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली, रिकामा तांब्या घेतला आणि दार लावून घेतलं. दारामागे ती रडत होती. ते त्याला रस्त्यापर्यंत ऐकू आलं.

त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात बसून सयाजीनं कित्येक वर्षांनी मनापासून प्रार्थना करायला हात जोडले. काय मागायचं ते ठरलेलं होतं, शेवटची ओळ पुसून टाक. पण शब्द तोंडात अडकले. ती पुसली आणि तिच्यासोबत वरच्याही पुसल्या गेल्या तर? मशीन, फुगा, करंगळी, सगळंच? त्याला फार भीती वाटली. शेवटी तो एवढंच म्हणाला, "प्रभू, एकोणिसावा दिवस येऊ दे. बाकी काही मागत नाही."

एकोणिसाव्या दिवशी नळी काढली. आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सया, ताकात भाकरी कुस्कर रे थोडी." तो हसला आणि रडला आणि नर्सच्या पाया पडायला गेला.

एप्रिलच्या अखेरीस आई घरी आली. रविवारी दुपारी चारला घरीच आभाराची सभा ठेवली. पंखा फिरत होता, खिडकीतून ऊन येत होतं. बाहेरच्या खोलीत मंडळी दाटीवाटीनं बसली होती. आई खाटेवर उशीला टेकून बसली होती, गालावर रंग आलेला. साक्ष द्या असं तिला कोणी म्हटलं नाही, आणि सयाजीला हायसं वाटलं. गाणी झाली.

"डोळे मिटू या," पाळकसाहेब म्हणाले.

सयाजीनं खाटेकडे तोंड करून मान खाली घातली. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची त्यांच्याकडची रीत. लोक उठल्याची, पुढे सरकल्याची चाहूल लागली.

मग त्याच्या डोक्यावर एक हात आला.

दाटीत चुकून लागला असेल, असं त्याला वाटलं. पण हात तिथेच राहिला.

दुसरा खांद्यावर आला. तिसरा पाठीवर. मग किती ते मोजता येईना.

त्यानं डोळे उघडले. खाटेपाशी कोणी नव्हतं. सगळे त्याच्याभोवती उभे होते, डोळे घट्ट मिटून. विजयश्रीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. खाटेवरून वाकून आईनंही त्याचं मनगट धरलं होतं.

"हे प्रभू," पाळकसाहेब म्हणाले, "आमचा बंधू सयाजी याला तू एकेचाळीस वर्षं आमच्यात ठेवलंस, त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो."

आकडा चुकला होता. त्याला एकेचाळीस पूर्ण व्हायला अजून नऊ दिवस होते. ते सांगायला त्यानं तोंड उघडलं.

"आमेन," सगळे म्हणाले. आईचा आवाज त्यात सगळ्यांत खणखणीत होता.

आणि लहानपणापासूनच्या सवयीनं त्याच्याही तोंडून तोच शब्द निघाला.