निकेशचा डावा कान

"आवाज आला की बटन दाबा. नाही आला तर दाबू नका. बस, एवढंच," असं रेणूनं नीट समजावलं होतं. तरी काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसलेला तो तरुण, आवाज नसतानाही बटन दाबत होता — एकदा नाही, लागोपाठ, आणि चक्क लयीत.

तिनं मशीन थांबवलं आणि दार उघडलं.

"आवाज नव्हता जी. काहून दाबून राहिले?"

तो दचकला. हेडफोन काढत ओशाळून हसला. "सॉरी मॅडम. आतमधी इतकी शांतता होती ना... डोक्यात ड्रम सुरू झाला."

"ते समजलं मले. जुना रॉक. सत्तर-बहात्तरचा. आताचे ड्रमवाले इतक्या दमानं नाही वाजवत."

निकेश गजभिये तिच्याकडे बघतच राहिला. नाकाडोंगरीकडच्या एका मँगनीजच्या खाणीत तो ड्रिल चालवायचा आणि कामगारांच्या वार्षिक तपासणीसाठी भंडाऱ्याच्या या कानाच्या दवाखान्यात आला होता. जुना रॉक ऐकणारं दुसरं माणूस त्याला सत्तावीस वर्षांत जिल्ह्यात भेटलं नव्हतं. आणि आज भेटलं ते असं, पांढऱ्या कोटात, हातात त्याच्याच कानांचा ग्राफ घेऊन!

"तुम्हाले कसं माहीत हे?"

"आमच्या बाबांमुळं. आंधळगावले कोशाच्या रेशमाचा माग आहे आमचा. जवाहरनगरच्या एका दोस्तानं बाबांले कॅसेटी दिल्या होत्या. माग अन् गिटार संगच ऐकत मोठी झाली मी." मग तिनं ग्राफ पुढे केला. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळ्या फुल्या म्हणजे डावा. फुल्यांची रांग शेवटी जरा खाली घसरली होती. "डाव्या कानात बारीक आवाज कमी येऊन राहिले. ड्रिलजवळ कानात प्लग घालता ना?"

"घालतो... म्हणजे, इअरफोन घालतो. गाणं ड्रिलच्या वरताण लावतो."

रेणूनं कपाळावर हात मारला. "ते आजपासून बंद. तीन महिन्यांनी परत या. गाणी बाहेर आल्यावर, कमी आवाजात ऐका... अन् ऐकलं ते कोणाले तरी सांगा."

"कोणाले सांगू?" त्यानं अगदी निरागसपणे विचारलं आणि खिशातून मोबाइल काढला.

मग रोजच काहीबाही सुरू झालं. 'आज वांग्याची भाजी अन् अकरा मिनिटांचा गिटार,' तो लिहायचा. 'अकरा मिनिटं? तेवढ्यात आई पातोडीचा रस्सा करते,' ती लिहायची. इंग्रजी शब्द समजतात का, असं तिनं एकदा विचारलं, तर म्हणाला, 'अर्धे समजते. बाकीचे अर्धे मी झाडीबोलीत बसवतो.' त्याचे बाबा, तेजराम, आसगावात भीमगीतांच्या पार्टीत ढोलक वाजवायचे. ठेका तिथूनच अंगात आला, असं तो सांगायचा. लग्नातला डीजे दोघांनाही सोसत नव्हता, आणि दंडारीच्या लोकनाट्यातली ढोलकी ड्रमपेक्षा वरचढ की नाही, यावर ते चार दिवस भांडले.

तो वाद मिटवायला म्हणून दिवाळीनंतर दोघं सानगडीच्या मंडईच्या जत्रेत भेटले. दुपारचं ऊन होतं, धूळ होती, दंडार रंगात आली होती. चालताना तो सारखा वळसा घालून तिच्या डाव्या हाताला यायचा. गर्दीत एकदा ती त्याच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि उकडलेले शिंगाडे सोलता सोलता, त्याच्याकडे न बघता, हळूच म्हणाली, "तुमच्यासंग असलं की... बरं वाटते मले."

"हो ना," निकेश म्हणाला. "महाग झाले यंदा शिंगाडे."

ती हसली. मग हसता हसता थांबली. त्याचं सारखं बाजू बदलणं, उजवा कान तिच्याकडे ठेवणं तिला एकदम कळलं, आणि हातातला शिंगाडा तसाच राहिला.

डिसेंबरात तो पुन्हा त्या बंद खोलीत बसला. या वेळी बटन शहाण्यासारखं दाबलं. पण निळ्या फुल्या आणखी खाली उतरल्या होत्या.

"ड्रिलवरून उतरा लागंल," रेणू म्हणाली. "अन् कानाले मशीन लावा लागंल."

त्यानं ग्राफवरच्या फुल्यांवर बोट ठेवलं. "रेणू... दोन-तीन फुल्या वर सरकव ना. कोणाले समजते?"

"मले समजते."

"ड्रिल म्हणजे माझी वट आहे खाणीत. ते गेलं तं मी तिथं कोण? अन् मशीन लावून ऐकलेलं गाणं, ते काय गाणं राहते?"

"आज फुल्या सरकवल्या, तर दोन वर्षांनी मी कितीही ओरडली तरी तुले ऐकू नाही येणार," ती म्हणाली. तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणून गेल्याचं भान नव्हतं.

त्याला मात्र ते ऐकू गेलं. तरी तो उठला. "तुले फक्त आकडेच दिसते," एवढं बोलून निघून गेला.

रेणूनं अहवाल होता तसाच लिहिला. खाली सही केली.

एक महिना मेसेज नाही. आंधळगावच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून मोबाइल काढायची, परत पर्समध्ये टाकायची. आपण बरोबर वागलो, हे तिला पक्कं माहीत होतं. पण तेवढ्यानं रडू काही थांबत नव्हतं.

जानेवारीच्या एका सकाळी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो दारात उभा होता. "मशीन लावून मिळंल का जी?"

तिनं यंत्र त्याच्या कानामागे बसवलं आणि आवाज जुळवू लागली. तो एकदम मान वळवून म्हणाला, "तुह्या बांगड्या वाजते?"

"पहिल्यापासून वाजते."

"मले आज समजलं." त्यानं कानामागचं यंत्र चाचपलं. मग म्हणाला, "ड्रिल गेलं. आता वरतं, नमुने तपासाच्या खोलीत बसतो. चार दिवस लय राग आला तुहा. मग वाटलं, दुसरी कोणी असती तं फुल्या वर सरकवल्या असत्या, मी खुशीत घरी गेलो असतो, अन् सगळंच गेलं असतं. रेणू... मले तू पाहिजे. खोटं न लिहिणारी. जोरात सांगू का हळू?"

"हळूच सांग," ती म्हणाली. "बाहेर पेशंट बसले आहे."

त्यानं हळूच सांगितलं.

घरी सांगणं इतकं सोपं नव्हतं. "जातीबाहेरचा, अन् वरून कानानं कमी," म्हणून रेणूच्या आईनं, दुर्गाबाईंनी, लेकीशी बोलणंच टाकलं. ताट वाढायच्या, पण शब्द नाही. नऊ दिवस असेच गेले. दहाव्या दिवशी बाबांनी, मधुकररावांनी, माग थांबवला.

"दुर्गा, मी इंग्रजी गाणे लावून माग चालवत होतो, तवा अख्खा मोहल्ला हसला होता मले," ते म्हणाले. "तूच एकली नव्हती हसली. समजत नव्हतं तरी बाजूले येऊन बसली होती."

 संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता, सुपातली नजर न काढता दुर्गाबाईंनी रेणूला सांगितलं, "रविवारी जेवाले बोलाव त्याले."

रेणू जागची हलली नाही. हलली असती तर रडली असती.

 मग दुर्गाबाईंनीच विचारलं, जरा काळजीनं, "मोठ्यानं बोला लागते का गं त्याच्यासंग?"

"नाही आई," रेणू म्हणाली. "हळूच बोल. ऐकू येते त्याले."