पाठीवरची अक्षरं

तुम्ही हसाल, पण आमच्या बालवर्गात अक्षरं पाठीवर शिकवतात. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीला चिकटून आमची सोसायटी. तळमजल्यावर पंपाच्या खोलीशेजारी सोसायटीने मला एक खोली दिली आहे. तिथे रोज दुपारी मी चार-पाच वर्षांची मुलं जमवते आणि त्यांना अक्षरओळख करून देते. मुलं मला टीचर म्हणतात. मदतीला प्रेमामावशी असते, मूळची मालवणची. ती मुलांची नाकं पुसते आणि माझ्यावर लक्ष ठेवते.

आमचा लाडका खेळ म्हणजे मुंग्यांची रांग. मुलं एकामागे एक मांडी घालून बसतात, मी सगळ्यांत मागे. शेवटच्या मुलाच्या पाठीवर मी बोटाने अक्षर काढते. ते मूल पुढच्याच्या पाठीवर काढतं, आणि असं करत अक्षर पहिल्या मुलापर्यंत पोचलं की ते मोठ्याने उच्चार करतं. वाटेत 'म'चा 'भ' होतो, कोणाला गुदगुल्या होतात, कोणी लोळण घेतं. पुस्तक उघडलं की जांभया देणारी हीच पोरं खेळ संपला की माझा पदर ओढतात, अजून एकदा म्हणून.

फक्त रेवती बोलत नसे. घरी पोपटासारखी बडबडायची म्हणे, पण दाराबाहेर पडली की तोंडाला कुलूप. कान चांगले, डोकं चांगलं. तिची आई दर्शना रोज न्यायला आली की आशेने माझ्या तोंडाकडे बघायची. दिवाळीनंतर त्यांना मोठ्या शाळेत भेटायला बोलावलं होतं.

"तिथे गप्प बसली तर घेणार नाहीत, टीचर," दर्शना म्हणाली. "थोडं जरी बोलली ना, तरी चालेल हो."

मलाही त्या पोरीची काळजी लागून राहिली होती. उच्चार करायची वेळच येऊ नये म्हणून मी तिला कायम रांगेत शेवटी, माझ्यासमोर बसवायची.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी वायरमन मीटर बदलायला आला आणि लाईट गेले. खिडकीला पार्कची झाडं टेकलेली, त्यामुळे खोलीत भरदुपारी अंधार झाला. पंखा थांबला. शेजारचा पंप घुमायचा बंद झाला आणि एकदम इतकं शांत वाटलं की मुलंही कुजबुजत बोलू लागली.

"रांग मोडू नका, मी दिवा आणते," म्हणून मी उठून कपाटाकडे गेले. अंधारात चाचपडत असताना मागून ओजसचा आवाज आला. तो रांगेत पहिला होता.

"क. कणीस."

"शाब्बास," मी सवयीने म्हटलं.

जरा वेळाने पुन्हा, "म. मगर."

चार्जिंगचा दिवा हाताला लागला, पण बटण सापडेना. कुठूनतरी ओल्या पाटीचा वास येत होता. आमच्याकडे पाट्या नाहीतच, मी पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहिते.

"ब. बदक."

आणि मग माझ्या लक्षात आलं. मी तर इथे कपाटाशी होते.

"ओजस... अक्षर कोण काढतंय रे?"

"मागून येतंय ना, टीचर."

दिवा लागला. रांग सरळ होती. माझ्या धाकात ती इतकी सरळ कधीच बसली नव्हती. शेवटी रेवती, तिच्यामागे माझी रिकामी सतरंजी, मग भिंत. रेवती खांदे आकसून हसत होती. तिने मान डोलावली आणि पुढे बसलेल्या श्रुतिकाच्या पाठीवर सावकाश बोट फिरवलं. अक्षर पुढे सरकत गेलं. ओजस अडला.

"हे काय आहे, टीचर? दोन लाडू आहेत."

ते अक्षर मी अजून शिकवलंच नव्हतं. तेवढ्यात रांगेच्या शेवटून एक बारीक, स्वच्छ आवाज आला.

"ळ. बाळातला ळ."

मुलांनी टाळ्या पिटल्या. मैत्रीण बोलली, त्यांना एवढंच पुरे होतं. मला भीतीही वाटत होती आणि आनंदाने रडूही येत होतं. प्रेमामावशी माझ्या कानाशी आली.

"चेडवाक ह्यां कोणी शिकवल्यान?"

पोरीला हे कोणी शिकवलं, ते विचारायला मी रेवतीजवळ बसले. "कोणी सांगितलं गं तुला?"

"बाईंनी."

"कोण बाई?"

"मागच्या..." तिने वळूनही पाहिलं नाही. "गार आहे त्यांचं बोट."

त्या दिवसापासून रेवती जी सुटली, ती आवरेना. बाईंबद्दल मी पुन्हा विचारलं नाही. पोरगी बोलतेय ना, मग चालू दे, असं मी मनाला समजावलं.

दिवाळीनंतर दर्शना नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन वर्गात आली. एकटीच. रेवती मुलुंडला मामाकडे गेली होती. वर्गाला तिची ही पहिलीच दांडी.

"झकास झालं, टीचर. शाळेत घेतलं तिला. त्या मॅडमनाच उलटे प्रश्न विचारत होती." दर्शनाचा चेहरा नुसता फुलला होता. "एक नाटक मात्र केलंन. खुर्ची भिंतीला टेकलेली, तर बसेना. पुढे ओढायला लावली. म्हणे, मागे बाईंना जागा हवी."

मी हसले. हसायलाच हवं होतं.

"घरीही पलंग भिंतीपासून सरकवून घेतलाय. तिच्या बाबांनी विचारलं, अगं, तुझ्या बाई आल्या कुठून? तर म्हणते कशी..." दर्शनाने वडी माझ्यापुढे धरली. "आधी त्या टीचरच्या मागे बसायच्या. टीचर कधी वळून बघत नाहीत, म्हणून माझ्याकडे आल्या."

दर्शना गेली. मुलं रांग करून बसली आणि मी माझ्या जागेवर बसले. मागे वळून पाहिलं, भिंत होती. श्रुतिका शेवटी होती, पाठ ताठ करून वाट बघत होती. मी तिच्या पाठीवर बोट टेकवलं.

इतकी वर्षं अक्षर आपोआप सुचायचं, बोट आपसूक फिरायचं. त्या दुपारी कोणतं अक्षर काढायचं, तेच मला कळेना.