रिकाम्या सीटचा बेल्ट

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. मी शपथा घ्यायला बसलेली नाही. पण मी तिथे होते, आणि मी घाबरट बाई नाही. घरात पाल निघाली की सगळे मलाच हाक मारतात, यावरून काय ते समजा.

शनिवार होता. संध्याकाळ. बाहेर चांगला उजेड होता.

जागा म्हणजे आमचं जुन्या गाड्यांचं दुकान. पुढे काचेची केबिन, मागे पत्र्याची लांब शेड. धाकटे भाऊजी, म्हणजे माझे दीर, गाड्या घेतात आणि विकतात. केबिन मी सांभाळते. फोन, कागदपत्रं, आणि सकाळी आल्याआल्या एकेक गाडी थोडा वेळ चालू करून ठेवणं. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, म्हणून.

ही गोष्ट त्या निळ्या गाडीची.

दोन सीटची स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी वाकायचं आणि मग सरळ अंग सोडून द्यायचं. भाऊजींनी तिच्यात होतं नव्हतं ते घातलं होतं. माझ्या नवऱ्यानं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "ही चांगल्या भावात गेली तर दुकान तुझं. अंगावर पडली तर शटर खाली, आणि गुपचूप नोकरी धर."

नोकरीचं नाव काढलं की भाऊजींचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होतो.

गाडी विकणारे एक आजोबा होते, त्या शनिवारच्या आठवडाभर आधी आलेले. त्यांनी घासाघीस केलीच नाही. भाऊजींनी सांगितला तो भाव मान्य केला. मग किल्ली देण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली...

शेजारच्या सीटचं दार उघडलं. आणि ते धरून उभे राहिले.

कोणी उतरायची वाट बघावी, तसे.

मग त्यांनी मान हलवली, दार हळूच लावलं आणि निघून गेले. एकदाही वळून बघितलं नाही.

"जीव अडकलाय म्हाताऱ्याचा गाडीत," भाऊजी म्हणाले. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती गाडी चालू केली.

टिंग... टिंग... टिंग...

समोर लाल दिवा लागला होता. शेजारी बसलेल्या माणसानं बेल्ट लावलेला नाही, असं सांगणारा.

शेजारी माझी पर्ससुद्धा नव्हती.

भाऊजींनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं सीट बाहेर काढली, सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, सीट परत बसवली. गाडी चालू केली.

टिंग... टिंग... टिंग...

"भाऊ, सेन्सरमध्ये काही खराबी नाही," तो म्हणाला. "सीटवर वजन आहे, असं दाखवतोय."

"अरे, पण कशाचं वजन?"

तो सीटकडे बघत राहिला. मग उरलेलं काम उद्या करतो म्हणाला. त्याचा तो उद्या अजून उजाडायचाय.

तुम्ही म्हणाल, आवाजच तर आहे, येऊ द्या. पण या धंद्यात तसं चालत नाही. असल्या महागड्या गाडीची किंमत तशीही पंक्चर झालेल्या चाकासारखी रोज खाली बसत असते. त्यात हा आवाज ऐकला की गिऱ्हाईक पहिलं काय विचारणार? एअरबॅग फुटली होती का? गाडी ठोकलेली आहे का? एकदा हा संशय आला की खेळ खल्लास. घातलेल्या पैशांचे निम्मेही मिळत नाहीत.

मग भाऊजींनी धंद्यातले सगळे करतात तेच केलं. रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढला आणि खटकन लावून टाकला.

आवाज बंद.

"बांधून टाकलं एकदाचं!" भाऊजी हसले. मीही हसले. आम्ही काय करून बसलोय, ते आम्हाला कुठे कळत होतं?

पुढच्या सकाळी मी शेडमध्ये गेले. गाडीचं दार उघडलं...

रिकाम्या सीटवर लावलेला बेल्ट सीटला चिकटून असतो. हा चिकटलेला नव्हता. चांगला वीतभर पुढे आला होता. मध्ये गोलाई होती.

मी बोट लावून बघितलं. ताठ.

आणि मग तो हलला.

थोडा पुढे... थोडा मागे... परत थोडा पुढे...

श्वास घेतल्यासारखा.

मी केबिनपर्यंत कशी पोचले ते मला आठवत नाही. भाऊजी चहा ओतत होते. मी सगळं सांगितलं. त्या आजोबांचं दार धरून उभं राहणंही बोलून दाखवलं.

"ते कोणाची तरी वाट बघत होते, भाऊजी. कोणीतरी उतरायला हवं होतं. उतरलं नाही. आणि आपण त्याला वरून बेल्ट बांधलाय."

मला वाटलं, भाऊजी थट्टा करतील. त्यांनी किटली खाली ठेवली. आणि शेडकडे पाठ करून बसले.

"तुम्हीही बघितलंय ना?" मी विचारलं.

"वहिनी, हात जोडतो तुम्हाला," ते म्हणाले. "शनिवारी गिऱ्हाईक येतंय. तेवढं पार पडू द्या. दादाला एक शब्द बोलू नका."

मी नाही बोलले. त्यांच्याकडे बघून माझं काळीज तुटलं.

शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. डॉक्टर बॉनेटपाशी भाऊजींना प्रश्न विचारत होते. ती मात्र सरळ शेजारच्या दाराकडे गेली. मी केबिनच्या दारात उभी होते. बेल्ट अजून तसाच लावलेला होता!

तिनं दार उघडलं.

आणि ती थांबली.

खट...

बेल्ट सुटल्याचा आवाज. मी स्पष्ट ऐकला. तिचे दोन्ही हात पर्सवर होते.

ती दोन पावलं मागे सरकली. कोणाला तरी वाट करून द्यावी तशी. हसली. "सावकाश," असं काहीतरी म्हणाली. मला वाटलं मला म्हणाली, म्हणून मी उगाच मान डोलावली. मग ती आत बसली, बेल्ट लावला, आणि दोघं चक्कर मारायला गेली.

ती दोघं परत येईपर्यंत भाऊजींचा जीव टांगणीला लागला होता. पण डॉक्टर उतरले ते खुशीतच. आवाज नाही, दिवा नाही, काही नाही. भाऊजींनी मागितलेला भाव त्यांनी मान्य केला. विसार दिला. नावावर करायचे कागद सोमवारी करायचं ठरलं आणि ते गाडी घेऊन गेले.

भाऊजी खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून चक्क रडले. मलाही भरून आलं. आता दुकान त्यांचं होतं.

थोड्या वेळानं फोन वाजला. डॉक्टरांची बायको.

"गाडी मस्त आहे हो! एकच विचारायचं होतं. त्या आजी नीट आत गेल्या ना?"

"कोण आजी?"

"गाडीत बसल्या होत्या त्या. माझ्यासाठी उठल्या बिचाऱ्या. किती त्रास झाला त्यांना उतरायला! मी यांना म्हटलं, तर हे म्हणतात तिथे कोणी नव्हतंच." ती थांबली. आवाज बारीक झाला. "कोण होत्या त्या? गाडीत काही... तसलं नाही ना? असेल तर सांगा. आम्ही आत्ता गाडी परत आणतो."

फोन स्पीकरवर होता. भाऊजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मला दुसरं काही सुचलं नाही.

"अहो, आमच्याच घरातल्या त्या," मी म्हणाले. "आमच्या मोठ्या सासूबाई. गाडीत बसायची भारी हौस त्यांना."

"हुश्श! मी किती घाबरले होते. जपा हो त्यांना."

"जपतो की," मी म्हणाले. "आमच्याशिवाय त्यांना आहे कोण?"

मी फोन ठेवला.

केबिनमध्ये तीन खुर्च्या होत्या. एकीत मी, एकीत भाऊजी.

तिसरी करकरली...

दमलेल्या माणसानं अंग टाकावं, तशी.

आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

सोमवारी कागद झाले. दुकान आता भाऊजींच्या नावावर आहे आणि छान चाललंय. ती खुर्ची आम्ही काढून टाकली. आता तो आवाज घरी येतो. जेवणाच्या टेबलाशी, सगळे बसले की. नवरा म्हणतो, लाकूड जुनं झालंय. भाऊजी ताटातून मान वर करत नाहीत.

एकदा मी त्यांना एकटं गाठून विचारलंच. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही वेळ मारून नेलीत. सहज बोललात. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

खरंय. मी सहजच बोलले.

पण जिच्याबद्दल बोलले, तिनं ते खरं धरलंय.