रंजिताच्या नावाचा धवळा

जवळ सरका रे, मोठ्यानं सांगण्यासारखी गोष्ट नाय ही. माझ्या साडूच्या पोरावर, अनिलवर आलेली आहे. इकडची तिकडची नाय.

अनिल मुरबाडजवळ राहतो, घरातच रेकॉर्डिंग करतो. गेल्या वर्षी तो कल्याणला एक वापरलेला प्रीॲम्प आणायला गेला. माइक पकडतो तो आवाज इवलासा असतो, त्याला मोठा करणारा हा डबा. आधीचा डबा स्वस्तातला होता. आवाज वाढवला की खरखरपण वाढायची. लोक म्हणाले, महागडा माइक घे. पण तसला माइक शेजारच्या कोंबड्यापण पकडतो! म्हणून यानं माइक तोच ठेवला आणि डबा बदलला. पोरगं हुशार, यात वाद नाय.

हा सगळा खटाटोप धोंडीबाईसाठी. ती आमची धवळारीण, लग्नात धवळे म्हणजे विधीची गाणी गाणारी. आवाज पार बसलेला. नातीचं, रंजिताचं लग्न आपल्याला दिसायचं नाय, हे तिला कळून चुकलेलं. म्हणाली, "अनिल, माझा धवळा भरून ठेव. रंजीच्या हळदीलाच लाव. त्याच्या आधी कोणाला ऐकवू नको रे."

आमच्यात लग्नाशिवाय धवळा तोंडातून काढत नायत. म्हणून तिनं माइकसमोर पाट मांडला, तांदूळ ठेवले, दिवा लावला आणि रंजिताचं नाव घेऊन गायली.

नव्या डब्यानं तिचा श्वाससुद्धा स्वच्छ पकडला. तिथंच अनिलला मोह झाला. त्यानं गाण्याला ठेका जोडला आणि आपलं नाव व्हावं म्हणून डीजेवाल्याला देऊन टाकलं.

गावातच कोणाच्या तरी हळदीत ते वाजलं. म्हातारी खाटेवर पडून ऐकत होती. आपला धवळा, नातीचं नाव, आणि लोक शिट्ट्या मारतायत. तिनं अनिलला बोलावून घेतलं. "भरवसा ठेवला होता रे तुझ्यावर," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा कोणाशी बोलली नाय. तशीच गेली. मला अजून राग येतो त्या पोराचा.

यंदा अक्षय तृतीयेच्या आदल्या रात्री रंजिताची हळद होती. अनिलनं स्पीकर जोडला. गाणं चालू केलं.

आवाज नाय.

स्क्रीनवर रेघा हलतायत... आवाज नाय. त्यानं वाढवला. अजून वाढवला.

मग आला... श्वास. नुसता श्वास.

मांडवात कोणी हललं नाय.

"रंजी... आली का?"

धोंडीबाईच. रंजिता हळदीच्या अंगानं उठून उभी राहिली. "आले गो आजी..."

"मग हा... डब्यापाशी कोण?"

...

स्पीकर बंद पडला.

रंजिता अनिलकडे वळली. "माझ्यासाठी तिच्याकडं एवढंच होतं. तेपण तू गावभर वाटलंस?"

अनिलनं माफी मागायला माइक उचलला. तो बोलला. जवळच्यांनी ऐकलं. स्पीकरमधून काय नाय. मांडवातल्या किशोरनं तोच माइक घेऊन हॅलो केलं, खणखणीत आलं. परत अनिल... काय नाय.

त्यानंतर त्यानं माइक बदलले, डबे बदलले. दुसऱ्या कोणाचाही आवाज येतो. याचा येत नाय. समोर बसा, चांगला बोलतो.

विश्वास नाय ना? लाव फोन, भाविक. हा घे नंबर. स्पीकरवर टाक.

...

उचललाय त्यानं, बघ, सेकंद पळतायत. बोलतोय तो.